सुईचा उजेड

"काळ्यावर काळा? हे काय चाललंय, बाई?" डोंगरभटक्यांचं सामान विकणाऱ्या तंबूवाल्याने विचारलं.

रफूताईने काउंटरवर काळ्या लोकरी कापडाचा तुकडा पसरला होता, त्यावर काळा धागा टाकला होता आणि ती दुकानातला एकेक दिवा वर धरून पाहत होती. ज्याच्या उजेडात धागा हरवला, तो दिवा बाद. शेवटी एक असा पेटला की धाग्याचा पीळसुद्धा मोजता आला असता.

"हा," ती म्हणाली.

"हा बॅटरी फार खातो बरं का. डोंगरात चार्जिंग कुठून आणाल?"

"खाऊ दे. कामाचा माणूस दोन घास जास्तच खातो."

इथे ती चुकली. पण चूक कळायला तिला एक डोंगर चढावा लागला आणि एक पाय मुरगळून घ्यावा लागला.

रफूताई साठीला टेकली होती. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही, हे विचारणाऱ्याला ती चष्म्यावरून असं बघायची की तो हवापाण्याबद्दल बोलू लागायचा. किल्ल्या बनवणारा आणि धोबी यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत तिचं काम चाले. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, पँटवर सिगारेटची ठिणगी. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोकावर पुन्हा उभं-आडवं विणायची. काम जितकं चांगलं तितकं अदृश्य. "भोक होतं तरी कुठे?" असं गिऱ्हाईकाने विचारलं की तिला शाबासकी मिळाली.

दिवसभर असं नाहीसं होत राहायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. घर वडिलांचं होतं, आता धाकट्या भावाचं. या घरात दिव्याचं बटण कधी तिच्या हातात आलं नाही. लहानपणी ती वाचत बसली की वडील भिंतीपाशी जाऊन उभे राहत. "वाचून काय दिवे लावणार आहेस?" असं म्हणत आणि दिवा घालवत. आता भावाला टीव्ही बघताना डोळ्यांवर उजेड चालत नसे. भाऊ वाईट नव्हता. बटण दाबताना वडीलही वाईट नव्हते.

म्हणून पन्नाशीनंतर ती डोंगरात जाऊ लागली. आधी एका गटाबरोबर, मग गटातले लोक फार गातात म्हणून एकटी. शेवटच्या बस थांब्यापलीकडे एक दरी होती. तिथे तारा पोचल्या नव्हत्या, खांब नव्हते. तिथला अंधार कोणाच्या मालकीचा नव्हता. ती तंबू ठोकायची, भात शिजवायची आणि जाडजूड कादंबरी उघडायची. इतकी वर्षं विजेरी दातांत धरून वाचलं. दात हलायला लागले तेव्हा ठरवलं, आता नीट दिवा घ्यायचा.

तो नीट दिवा पहिल्या संध्याकाळी असा लखलखला की दरीतले सगळे किडे आमंत्रण असल्यासारखे आले. कागद इतका पांढरा झाला की अक्षरं त्यात बुडाली. दुसऱ्या संध्याकाळी, नायिका घर सोडून निघालेली असताना, दिवा गेला. एकदम, न सांगता. रफूताई चिडून बाहेर आली, काटक्या गोळा करायला निघाली आणि दगडावरून घसरली. सकाळी गस्तीवर आलेल्या वनरक्षकाने तिला जीपमध्ये घालून घरी आणून सोडलं.

"बराच उजेड पाडलास, ताई," भाऊ म्हणाला. त्याच दिवशी त्याने तंबू आणि पाठपिशवी माळ्यावर टाकली. "आता पुरे. वयाचा काही विचार?"

"कोणाच्या?"

"वन्सं, पाय आधी वर घ्या बघू," भावजय म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन मध्ये बसली.

पाय बरा झाला. मनातली गाठ सुटेना. काळा धागा दाखवणारा दिवा दगा कसा देतो?

उत्तर एका वकिलाच्या कोटाबरोबर आलं. रफूताई खिडकीशी बसून कोटाची कोपरं भरत होती आणि वकील थांबला होता, आतल्या कोपऱ्यात, कपड्यांच्या ढिगामागे. तिथे उजेड इतका कमी की ती कधी सुईत दोराही ओवत नसे. तिने सहज मान वळवली तर हा पेपर वाचत होता.

"तुम्हाला तिथे दिसतंय?" तिने विचारलं.

"का नाही दिसणार?"

"बारीक अक्षरसुद्धा?"

"बाई, मी पेपर वाचतोय, रफू करत नाहीये."

सुई तिच्या हातात तशीच राहिली. आयुष्यभर तिने उजेड एकाच मापाने मोजला होता: सुईच्या. शिवायला धागा दिसावा लागतो. वाचायला कागदाचा धागा कशाला दिसायला हवा? शब्द दिसले की झालं. आणि शब्द फार भुकेले नसतात. दुसऱ्यांची भोकं बुजवायला लागणारा उजेड ती स्वतःच्या सुखाच्या जागी पाठीवर वाहून घेऊन गेली होती. तिला हसू आलं, मग राग आला. राग जास्त टिकला.

दुसऱ्या दिवशी ती तंबूवाल्याकडे गेली.

"सगळ्यात मंद दिवा दाखवा."

"मंद? लोक जास्त उजेड मागतात हो."

"लोकांना काय बघायचंय ते लोकांना ठाऊक. मला वाचायचंय."

या वेळी कापड आणलं नव्हतं, कादंबरी आणली होती. तंबूवाल्याला बाजूला सारून ती मागच्या कोठारात शिरली, दार ओढून घेतलं आणि एकेका दिव्यात एकेक पान वाचू लागली. उन्हावर चालणारा दिवा तिने बाद केला. त्या दरीत ऊन पाहुण्यासारखं येतं, चहा व्हायच्या आत उठतं. एकाचं बटण नुसत्या बोटाच्या धक्क्याने दाबलं जात होतं. तो पिशवीतच पेटून रिकामा झाला असता. अखेर चिमट्याचा एक लहान पिवळा दिवा निघाला. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लागायचा, उजेड कमी-जास्त व्हायचा, बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्याला खटका होता, आणि साध्या सेलवर चालायचा. सेल संपले तर बदलता येत होते. तिने उजेड कमी केला, आणखी कमी केला, पार तळाशी नेला. अक्षर अजून उभं होतं.

"बाई, आत बऱ्या आहात ना?" बाहेरून आवाज आला.

"थांबा, प्रकरण संपतंय."

घरी आल्यावर तिने स्टूल ओढून माळ्याखाली ठेवलं.

"वन्सं, पडाल!" भावजयीने धावत येऊन स्टूल धरलं.

"पडले तर रफू करीन."

भाऊ दारात येऊन उभा राहिला. "ताई, दिवा कुठलाही आण. मी तुला पाठवणार नाही."

"पाठवायला मी काय पार्सल आहे?"

"परत काही झालं तर?"

"झालं तर डोंगरात होईल. इथे तर काहीच होत नाही."

तो काही बोलणार होता, पण त्याच्या बायकोने वरून आलेली पाठपिशवी थेट त्याच्याच हातात दिली. दोन्ही हात भरलेला माणूस फार वेळ भांडू शकत नाही.

दरी होती तशीच होती. तिने तंबू ठोकला, भात खाल्ला, पुस्तक मांडीवर घेतलं. सूर्य कड्यामागे गेला होता, आणि त्या उरलेल्या उजेडात वनरक्षक पायवाटेने वर आला. तिला बघून त्याने कपाळाला हात लावला.

"परत आलात?"

"परत आले."

"तुमच्या भावाचा फोन होता चौकीवर. बाई दिसल्या की खाली पाठवा म्हणाले."

"मग सांगा, दिसल्या नाहीत."

"खोटं कसं सांगू? जबाबदारी असते आमची."

"तर खरं सांगा. दिसल्या. बसल्या होत्या. उठा म्हटलं, उठल्या नाहीत."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "भाऊ चिडतील."

"चिडतील. सवय होईल."

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. "रात्री दगडांवर जाऊ नका, एवढं तरी ऐका," असं पुटपुटत तो खाली उतरू लागला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा पानावरची अक्षरं एकमेकांत मिसळत होती. रफूताईने चिमटा पुठ्ठ्याला लावला, खटका सरकवला आणि बटण स्वतःच्या बोटाने दाबलं.