अक्कांनी भरलेले रकाने

रुक्मिणीअक्कांनी शुक्रवारी सकाळी राजीनामा दिला. मैसूरच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या कंपनीत त्या वीस वर्षं रुग्णालयांचे डेटाबेस सांभाळत होत्या.

मी पुण्याहून रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘अॅलर्जीच्या रकान्यात काय दिसतंय, मरी?’ मरी म्हणजे कन्नडमध्ये बाळ.

‘रिकामा आहे.’

‘म्हणजे अॅलर्जी नाही?’

मी हो म्हटलं.

‘अय्यो, पुण्याहून एवढंच शिकून आलीस? “नाही” म्हणजे विचारलं, आणि रुग्णानं “नाही” सांगितलं. रिकामं म्हणजे कुणी विचारलंच नाही. वेगळं, अल्वा? हो ना?’

‘ज्यांना अॅलर्जी आहे ते सोडून बाकीचे दाखव’ म्हटलं, की रिकाम्या रकान्यांचे रुग्ण यादीतून गळत. रिकाम्याबद्दल डेटाबेस काहीच ठरवत नाही. मॅनेजरनी शोधतानाच रिकाम्याला ‘नाही’ मानायला लावलं. रुग्ण यादीत आले, पण इंडेक्स, म्हणजे थेट हव्या नोंदीपाशी नेणारी सूची, बाजूला पडला. प्रत्येक नोंद तपासली जाऊ लागली. यादीला चाळीस सेकंद लागत. अक्कांनी शोधाची अट दुभागली: आधी ‘नाही’वाले, मग रिकामे. दोन्हींना इंडेक्स मिळाला. रिकामे पिवळे दिसत, पुढे ‘विचारा’ असा शेरा. यादी लगेच येई.

रुग्णालयानं पिवळ्या ओळींबद्दल तक्रार केली. त्या कधी जाणार, असं मॅनेजर अक्कांना रोज विचारू लागले. या बुधवारी दुपारी सगळ्या रिकाम्या रकान्यांत ‘नाही’ भरलं गेलं. लॉगिन अक्कांचं होतं.

‘मीच केलं,’ त्या म्हणाल्या.

‘का, अक्का?’

‘कळेना मरी. हात चालला. तुला कळलं तर मला सांग.’

मला कळलं नाही. मॅनेजर म्हणतात, आपण तसं करायला सांगितलं नव्हतं.

आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून जुने रकाने पुन्हा रिकामे झाले. बुधवारी सकाळी नोंदवलेले सव्वीस रुग्ण मात्र त्यात नव्हते. सगळ्यांपुढे ‘नाही’ होतं. कुणाला विचारलं होतं, कुणाला नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

अक्कांनी गुरुवारी सव्वीस जणांना स्वतः फोन केले, कन्नडमधून, एकच प्रश्न. मी शेजारी बसून यादीवर खुणा करत होते. बन्नूरच्या एका आजोबांनी त्यांना आधी जेवलात का विचारलं. ‘आयतु, जेवले,’ त्या म्हणाल्या. जेवल्या नव्हत्या.

चोविसावा फोन सरगूरच्या एका बाईंना लागला. त्यांना नोंदणीच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. पेनिसिलिन चालत नाही, त्या म्हणाल्या. त्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी होती.

अक्कांनी रकान्यात ‘आहे’ लिहिलं, रुग्णालयाला फोन करून सांगितलं, आणि पंचविसावा नंबर लावला.