बेसाच्या कार्यालयातला राजा

बेसाला नवीन मंगल कार्यालय झालं आणि मालकांनी मला चित्राचं काम दिलं. नवरा-नवरीच्या सोफ्यामागे राज्याभिषेकाच्या पोशाखातला राजा हवा होता. कोणता राजा, असं मी विचारलं.

"कोणताबी चालते मॅडम. फक्त राजा वाटला पाहिजे."

संग्रहालयात अशी दरबारी चित्रं मी पाहिली होती. राजा उभा, हात तलवारीच्या मुठीवर, खांद्यावरून पायघोळ झगा, मागे मखमली पडदा. पण कापडाच्या चुण्या मनाने काढता येत नाहीत, म्हणून काकांना उभं केलं. काकांची कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत. उंच माणूस, पोट सुटलेलं, मिशा झुपकेदार. काकूंचा लग्नातला शालू त्यांच्या खांद्यावर टाकला, गळ्यात मोत्यांच्या माळा घातल्या आणि तलवार म्हणून छत्री दिली.

काका थोडा वेळ रुबाबात उभे राहिले. मग फोन वाजला. "गाडी खाली करून घे गा. मी राज्याभिषेकात हाय," ते म्हणाले. नंतर त्यांना उभ्याउभ्याच डुलकी लागली. मी डोळे तसेच अर्धवट मिटलेले काढले.

"राजा काहून झोपून राहिला वं?" काकूंनी चित्र पाहून विचारलं.

मालकांना मात्र ती नजर फार खानदानी वाटली.

पुढे नात्यातल्या एका मुलाचं लग्न त्याच कार्यालयात निघालं. काका फेटा बांधून आले आणि पंगती उठेपर्यंत चित्रापाशीच घुटमळत राहिले. कोणी ओळखलं नाही. शेवटी नवरीची आत्या जवळ आली.

"पाहून राहिले का, भाऊ? आमच्या माहेरचे मूळपुरुष हायेत हे. नाक पाहा, सेम आमच्या बाबाचं. लय कडक होते म्हणतात. त्यायच्यासमोर कोणी बोलत नव्हतं."

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चित्राला वाकून नमस्कार केला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "काका, त्यांना सांगितलं का नाही?"

"कशाले सांगू, पोरी? बाई इतक्या अभिमानानं बोलून राहिली होती. अन् मी किती कडक होतो, हे मलेबी आजच समजलं."

काकू त्यांच्या शेजारच्या सीटवर होत्या. "काच खाली करा जरा," एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी लगेच केली.