पडवी कोण सारवणार

अडाणी बाया जवळचा दवाखाना सोडून वर्ध्याला बाळंत व्हायला पळतात, असं साहेब लोक भाषणात सांगतात. माझी अक्का अडाणी नव्हती, साहेब. ती का पळाली ते ऐका.

तिचं पहिलं बाळंतपण आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातच झालं. आत खाटा होत्या. पण आमच्या वस्तीतली बाई मागच्या पडवीत, घरून आणलेल्या गोणपाटावर. नर्सबाई दुरून सांगायची, हात लावायचा तो आमच्या मायनं. आणि निघण्याआधी पडवी शेणानं सारवून द्यायची, तीही बाळंतिणीनंच. 'जिनं बाटवलं तिनं सारवावं', हा तिथला कायदा. कोणत्या पुस्तकात लिहिलाय, मला अजून सापडलेला नाही. माय पुढे झाली, तर नर्सबाईनं शेणाचं घमेलं पायानं अक्कापुढे सरकवलं. एका हातानं पोट धरून अक्का सारवत होती.

नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्या हिवाळ्यात ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या सांगून टाकलं, "आता मी कोनाची पडवी नाई सारवत. मले वर्ध्याले नेजो."

कळा सुरू झाल्या तशी मी बंडी जुंपली. मागे अक्काला मांडीवर घेऊन माय. गावचा दवाखाना रस्त्यावरच, दार उघडं. तिथंच अक्का किंचाळली नि मायचा धीर सुटला.

"थांबव रे! इथंच उतरवू. मी सारवीन ना तिच्यासाठी!"

"तुले सारवू देते का ते नर्सबाई?" अक्का म्हणाली. "हाक, भाऊ. थांबला तं तुयं तोंड नाई पाहीन."

मी हाकली.

पुढे जिनिंगला निघालेल्या कापसाच्या बंड्या, एकीमागे एक. "बाळंतीण हाय, सरका!" मी ओरडत होतो. लोक सरकतही होते. पण गच्च भरलेली बंडी कडेला घ्यायला वेळ लागतो. त्या रांगेतच अक्का मोकळी झाली. मुलगी. मायनं उलटी धरली, पाठ चोळली, कानात फुंकलं. रडलीच नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या, "वाटेत दवाखाना नव्हता का?"

अक्काला लोखंडी खाटेवर घेतलं. शेजारी सोन्याच्या पाटल्या घातलेली बाई. तशीच खाट, तशीच चादर. फरशीवर अक्काचं रक्त सांडलं होतं. ती कोपरावर उठू लागली.

"खाली सांडलं, बाई. फडकं द्या, पुसून घेतो."

नर्सनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, पुसायला माणूस आहे. तुम्ही पडून राहा."

फरशी स्वच्छ होईपर्यंत अक्का तिकडे पाहत राहिली. तोवर अक्का रडली नव्हती, आता रडली. मग पोरीला पदरात धरून बसलेल्या मायकडे हात पसरून म्हणाली, "आन वं तिले. या खाटेवर ठेव जराशी."