रफिकभाई आधी नाव विचारायचे

रफिकभाईंच्या खोलीचं दार साहेबाने ठोठावो की चहावाल्याने, आतून एकच आवाज यायचा, "पयले नाव सांगा, मंग काम." अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या संस्थेत ते संगणक सांभाळत. कपाशीच्या त्या वाईट वर्षांत नवरा गमावलेल्या बायांसाठी आम्ही मदतकेंद्र चालवत होतो. बायांची नावं, गावं, फोन नंबर एका सर्व्हरवरच्या डिरेक्टरीत, म्हणजे सामायिक यादीत असत. अकोला आणि अमरावती, दोन्ही कार्यालयं तिथूनच बघत. मी व्यवस्थापक, आणि रफिकभाईंच्या या सवयीची टिंगल करण्यात सगळ्यांच्या पुढे.

एकदा तेल्हाऱ्याच्या शोभाताई थेट केंद्रात आल्या. जमिनीचा कुणी दलाल त्यांना रोज फोन करत होता, मालक गेले, आता वावर विकून टाका म्हणून. त्या म्हणाल्या, "नवा नंबर मी फक्त तुमाले देल्ला होता. त्याले कसा भेटला?"

मी त्यांना रफिकभाईंकडे नेलं. रफिकभाईंनी मला संगणकासमोर बसवलं. नाव नाही, पासवर्ड नाही, नुसतं विचारलं आणि सर्व्हरने शोभाताईंचा नंबर पडद्यावर मांडला. पासवर्ड होता तो आमच्या स्क्रीनला. बाहेरून कुणी थेट सर्व्हरला विचारलं तर त्याला कोणीच अडवत नव्हतं. सर्व्हर बसवून देणाऱ्याने तो तसाच उघडा ठेवला होता आणि आम्ही वर्षभर निर्धास्त. "बिननावाच्या मानसाले आपन बायांचे नंबर वाटून राहिलो," ते म्हणाले. "मी बी कधी तपासलं नाही."

त्याच दुपारी त्यांनी नाव न सांगता होणारी चौकशी बंद केली. लगेच अमरावतीहून ओरड सुरू झाली. तिथले संगणकही नाव न सांगताच यादी वाचत होते, ते अडले. दुसऱ्या दिवशी देणगीदार येणार होते, म्हणून संचालकांचं फर्मान आलं, उघडा. ज्या बायांच्या नावावर देणग्या मागायच्या, त्यांचेच नंबर चव्हाट्यावर ठेवायचे. आणि मी निलाजऱ्यासारखा रफिकभाईंना म्हणालो, एका दिवसाने काय बिघडतं?

"साहेब, शोभाताईले तुमीच फोन करा. सांगा, उद्या एक दिवस तुमचा नंबर उघडा ठेवतो. त्या हो म्हनल्या त उघडतो."

मी फोन केला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी अमरावतीच्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड करून दिला. पाहुण्यांना सगळं सुरळीत दिसलं. तरी महिनाअखेर उद्धटपणाचा ठपका ठेवून त्यांना काढलं. पत्रावर सही माझी. त्या प्रकाराची चीड अजून जात नाही, स्वतःबद्दलची तर मुळीच नाही. शोभाताईंनी पुन्हा नंबर बदलला. तो मात्र कुणाला मिळाला नाही.

गेल्या महिन्यात रफिकभाई वारल्याचं कळलं. घरी गेलो, दार ठोठावलं. आतून भाभींनी विचारलं, "कौन?"

त्या पत्राखालचं नाव मला उच्चारवेना.