गाणारीची जागा

आमचे हे, पद्मनाभराव, हट्टी म्हणजे किती हट्टी! एकतीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काढली. ते धूड त्यांच्या डाव्या हाताला, दिवसभर धाडधाड. कानात कापूस घाला म्हटलं की म्हणायचे, "मशीन बिघडलं तर कळणार कसं? मी कानानं ओळखतो." घरी आले की गाणं हवं, आणि आमचा रेडिओ खरखरायचा. म्हणून एकच घोकणं: रिटायर झालो की जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर आणीन.

सत्त्याण्णव साली आणले. कमरेइतके उंच, दोन, आमच्या राजाजीनगरच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, भिंतीला लावा, माणसं कुठून जाणार? तर म्हणे भिंतीपासून दोन हात पुढंच हवेत, नाहीतर आवाज घुमतो. नीट लावले की गाणारी बाई दोन्हींच्या मधोमध उभी राहून गाते, म्हणे. "अनुसूया, बघच तू, समोर येऊन उभी राहील."

"मी समोर उभी असते तेव्हा लक्ष नसतं," मी म्हटलं, "आता दुसरी आणा."

पण ती काही मधे येईना. ह्यांना ती उजव्या कोपऱ्यातच ऐकू यायची. डावा स्पीकर पुढं ओढला, मागं ढकलला, आत वळवला. फरशीवर खडूच्या खुणा केल्या. मी त्या पुसल्या तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुकानदार मोहनकुमार दोनदा येऊन ऐकून गेला. "सगळं सरी, बरोबर आहे, अण्णा." ह्यांनी त्याला तोंडावर लबाड म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला बळेबळे कॉफी पाजून पाठवला.

मग एका रविवारी सकाळी ह्यांनी कारखान्यातली युक्ती काढली. तिथं काही बिघडलं की हे दोन भागांची अदलाबदल करून बघायचे. दोष भागाबरोबर गेला तर भागात, जागीच राहिला तर दुसरीकडं. डावा स्पीकर ओढत उजवीकडं नेला, उजवा डावीकडं. बाई उजवीकडंच. तारा बदलल्या. तरी उजवीकडंच. मग खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडं पाठ करून बसले.

"आता?" मी डावीकडून विचारलं. उत्तर नाही. मी पुढं येऊन उभी राहिले तेव्हा माझ्याकडं बघितलं.

"माझ्याबरोबर फिरली ती. आता दुसऱ्या कोपऱ्यात गेली," म्हणाले. "स्पीकर चांगले आहेत, अनुसूया."

कित्येक वर्षं मी ह्यांच्या डाव्या अंगाला झोपत आले. मी काही बोलायचे, उत्तर आलं नाही की भिंतीकडं तोंड करायचे. आठ-आठ दिवस अबोला धरलाय मी, नवरा दाद देत नाही म्हणून. जळलं मेलं माझं लक्षण! तिथंच बसून रडले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा कान गेलेला आहे, उजवाही त्याच वाटेवर आहे, औषध नाही.

मला वाटलं, स्पीकर आता परत जाणार. हे दुकानात गेले, मोहनकुमारची माफी मागितली आणि घरी येऊन मला खुर्चीत बसवलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी बोटबोटभर स्पीकर सरकवत माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"मधे आली?"

"स्वल्प डावीकडं आहे."

"आता?"

आणि खरंच आली हो. हात लांब केला तर पदर हाताला लागेल इतकी समोर. हे इतके दिवस काय म्हणत होते ते मला तेव्हा कळलं. कळायला नको होतं असं वाटलं.

"आली," मी म्हटलं.

हे माझ्या पायाशी जमिनीवर बसले, उजवा कान माझ्याकडं करून. "काय करतेय ते सांगत जा."

मला येईल तसं सांगू लागले. "थांबली आता. श्वास घेतला."

"श्वास ऐकू येतो?"

"येतो."

"परत घेतला की सांग," म्हणाले, आणि माझं उत्तर चुकू नये म्हणून माझ्या ओठांकडं बघत बसले.