पावसातच गळणारी खिडकी

वाती वळायला बसले होते. कापसाचा गोळा निम्मा संपला होता, दुधाचं बोट लावून वळलेल्या वाती ताटलीत पडल्या होत्या, तेवढ्यात मागचं दार वाजलं. बेल असताना बोटाच्या पेराने दार वाजवणारा माणूस आमच्या गल्लीत एकच.

"वहिनी, जरा ट्रेलरात उभ्या राहता का? मी बाहेरून पाइप मारतो."

"वाती राहिल्यात भाऊजी."

"वाती कुठे पळून राहिल्या?"

हात पुसले आणि राजनभाऊजींच्या मागे निघाले. दोन हजार नऊचा जून. कॅनडातल्या रेजिनात उन्हाळा नुकताच सुरू झाला होता आणि त्यांच्या बायकोला, वसुधाला, जाऊन चार महिने होत आले होते.

राजनभाऊजी मूळचे नागपूरचे. तरुणपणी इथे आले ते प्रांताच्या रस्ते खात्यात पुलांची तपासणी करायला. पुलाखाली उभं राहून लहानशा हातोडीने काँक्रीट ठोकायचं आणि आवाजावरून ओळखायचं, आत भरीव आहे की पाणी शिरून पोकळ झालंय. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. चहाला आले की आमच्या भिंती, टेबल, एकदा तर माझा देव्हारासुद्धा पेराने वाजवून बघितला. बोलणं मात्र मोजकं. बर्फ पडला की आपला ड्राइव्हवे शोव्हल करून झाल्यावर न सांगता आमचाही करायचे. आमचे मिलिंद थँक्स म्हणायला बाहेर जाईपर्यंत हे घरात गेलेले असायचे.

बोलायची ती वसुधा. वेंगुर्ल्याची मुलगी, या सपाट मुलखात येऊन पडलेली. "अगो माधवी, कुठे म्हणून पाण्याचा आवाज नाही. कान दुखतात माझे," म्हणायची. एकुलती एक रुचा हॅलिफॅक्सला शिकायला गेली तेव्हा लेक दूर गेली म्हणून रडली, आणि लेक समुद्राकाठी गेली म्हणून हसलीही. त्याच दिवशी तिने ठरवलं की रुचाच्या पदवीला विमानाने जायचं नाही. "आपलं घर घेऊन जायचं लेकीकडे. चूल, देव, गादी, सगळं घेऊन."

म्हणून तो ट्रेलर आला. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, चाळीसेक वर्षांचं जुनं, अंड्यासारखं गोल, एका शेतकऱ्याच्या आवारात गवतात रुतलेलं. मिलिंद म्हणाले, "राजन, यात कोंबड्या राहत होत्या का?" वसुधाने चाकांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आईने विणलेलं मण्यांचं तोरण काढलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, तोरण अडकेल, म्हणून स्वतः सीटवर चढून समोरच्या मोठ्या खिडकीवर ठोकलं. राजनभाऊजींची तपासणीची हातोडी घेऊन, गावाहून आणलेल्या डब्यातले खिळे तोंडात धरून. "उतर, मी ठोकतो," भाऊजी म्हणाले, तर तोंडात खिळे असल्यामुळे तिने नुसतीच मान हलवली. त्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तिची जागा ठरली. उशीही टाकून झाली. प्रवास तेवढा राहिला.

फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. रुचा आली, आईला पोचवून परत गेली, तिची परीक्षा होती. दहाव्याला देवळामागच्या आवारात पिंड ठेवला तेव्हा भात बघता बघता दगडासारखा झाला. कुंपणावर काळेपांढरे मॅगपाय पक्षी बसले होते, ते तिकडे बघेनात. आणि कावळा कुठून येणार? थंडीत इथले कावळे दक्षिणेला निघून जातात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. राजनभाऊजी बर्फात हात जोडून मोठ्याने म्हणाले, "वसू, ट्रेलर नीट करतो. रुचाच्या पदवीला आपण त्यातूनच जाऊ." आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

नागपूरहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "गवताच्या कावळ्याला काय कळते रे? इच्छा राहिली तिची. आता घरातच फिरेल ती."

बर्फ वितळल्याबरोबर भाऊजींनी ट्रेलर हातात घेतला. जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी, आणि ते येतं खिडक्यांतून. एकेक खिडकी चौकटीसकट काढायची, वाळून खडा झालेलं जुनं सील खरवडायचं, चौकटीला काळी चिकट पट्टी लावायची, परत बसवून सगळे स्क्रू आवळायचे. मग बाहेरून पाइपने पाणी मारायचं आणि आत कुणीतरी कोरडं कापड घेऊन उभं राहायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

"येऊन राहिलं का पाणी?" बाहेरून आवाज यायचा.

"नाही!"

"कोपऱ्यात बघा!"

"कोपऱ्यातच बघतेय. माझ्या दिव्याला वाती नाहीत भाऊजी, किती वेळ?"

"अजून पाच मिनिटं. देव थांबतो, पाणी थांबत नाही."

त्या दिवशी थेंबही आला नाही. मागच्या खिडक्या कोरड्या, बाजूच्या कोरड्या, समोरची मोठीही खडखडीत. भाऊजींनी चौकटीभोवती सगळीकडे पेर वाजवलं. फक्त तोरणाखाली हात थबकला. ते बाजूला न करता त्यांनी पुढचा भाग वाजवला.

मग जुलैत पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मला बोलवायला आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. समोरच्या खिडकीचा डावा कोपरा ओला होता आणि खालची उशी भिजली होती. नुसती भिजली नव्हती, मधोमध दबली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

खिडकी पुन्हा काढली, पुन्हा बसवली. पाइप मारला, कोरडी. पाऊस आला, ओली. तिसऱ्यांदा नवी पट्टी आणून लावली. तेच.

"पाइपला घाबरत नाही ती," भाऊजी म्हणाले. "पावसातूनच येते."

"पाणी म्हणताय ना?"

ते कोपऱ्यावर पेर वाजवायला लागले.

मी देवाधर्माची बाई. हे मला हसण्यावारी नेता येईना. संध्याकाळी दिवा लावताना आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ट्रेलर दिसायचा, आणि त्या डाव्या कोपऱ्यात काही हललं की काय, असं वाटून हातातली काडी विझायची. मिलिंद म्हणायचे, "पडदा असेल." पडदे अजून शिवायचे होते. त्या दिवसांत माझ्या रोजच्या वहीत आज काय केलं याच्याऐवजी आज पाऊस आला का, एवढंच लिहिलेलं सापडेल.

उन्हाळा सरता सरता भाऊजींनी दुरुस्ती सोडून दिली. उशी शेजारी सरकवून त्या जागी वसुधाची स्टीलची वाटी ठेवली. पावसात ती भरायची. ते तिच्यासमोर चहा घेऊन बसायचे, आणि वाटीतलं पाणी घरात आणून वसुधाच्या तुळशीला घालायचे. पाणी तांबूस असायचं. एकदा मी दारात उभी असताना त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "आज बराच वेळ होती."

रुचाचा मला फोन आला. "माधवीमावशी, इज बाबा ओके? आय टोल्ड हिम, जस्ट फ्लाय फॉर ग्रॅज्युएशन. ही सेज, 'आईला सोडून कसा येऊ?' व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन?" आणि मग, "ही प्रॉमिस्ड हर, मावशी. शी वॉन्टेड दिस."

पदवी पुढच्या मे महिन्यात होती. ट्रेलर ओला राहिला तर लाकूड कुजणार, रस्त्यावर निघणारच नाही, हे पुलांच्या माणसाला मी काय सांगणार? ज्या वचनासाठी खिडक्या दुरुस्त करायला घेतल्या, ते वचन मोडून ते त्या वाटीपाशी बसून राहिले होते. वर्षभर घरात सण नव्हता. एरवी दसऱ्याला जुनी तोरणं उतरतात, नवी चढतात. त्या साली त्यांच्याकडे कुणी कशाला हात लावला नाही.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झालं आणि मार्चमध्ये पाडवा आला. ट्रेलरच्या छपरावर वीतभर बर्फ, पण आभाळ निळंशार, ऊन चकचकीत. श्रीखंडाची वाटी आणि नवं तोरण घेऊन मी गेले. भाऊजी ट्रेलरातच होते, कोटासकट.

"वहिनी, बघा," ते हळूच म्हणाले.

कोपऱ्यातून पाणी येत होतं. टप. थोडं थांबून, टप. बाहेर ढगाचा ठिपका नव्हता.

"आज पाऊस कुठे आहे? सण आहे म्हणून आली."

माझ्या तोंडातून देवाचं नावही धड निघेना. पण हातात नवं तोरण होतं, आणि त्या तोरणाने मला धीर दिला म्हणा.

"वर्ष झालं भाऊजी. आता सण करायचा. जुनं उतरवते."

"त्याला हात लावू नका."

"पाडव्याला जुनं तोरण ठेवत नाहीत. वसुधाने ठेवू दिलं असतं का?"

भाऊजी बाजूला सरकले. मी सीटवर चढले. उजवा खिळा आखूड होता, तोरणाची दोरी सहज निघाली. डाव्या खिळ्याला दोरी चिकटून बसली होती. ओढली, तर खिळाच हातात आला. बोटभर लांब, गंजून बारीक झालेला. आणि त्या भोकातून गार पाणी माझ्या हातावर आलं, मनगटावरून कोपरापर्यंत, कुणी हात धरावा तसं. मी ओरडले.

भाऊजी खिळ्याकडे बघत राहिले. मग बाहेर गेले, शिडी लावली, छपरावरचा बर्फ हाताने सारला. मला आतून त्या भोकात उजेडाचा ठिपका दिसला. खिळा आतलं पातळ लाकूड आणि वरचा पत्रा, दोन्ही पार करून गेला होता. छपरावर पडलेलं पाणी तिथून शिरायचं आणि आतल्या पट्टीवरून वाहत खिडकीच्या कोपऱ्यात उतरायचं. आज वितळणारा बर्फ तोच रस्ता धरून आला होता. खिडकीचा काही दोष नव्हता. पाइप आम्ही खिडकीवर मारत होतो, छपरावर कधीच नाही.

मला वाटलं, आता हसतील. ते आत आले, खण उघडून हातोडी काढली आणि हात पुढे केला.

"खिळा द्या. परत ठोकतो."

"काय बोलताय?"

"तिने ठोकलेला आहे तो. तो काढला तर ती यायची कुठून?"

मी खिळा मुठीत घट्ट धरला. बाहेर गटारात पाणी वाहत होतं. मग जे लहानपणापासून ऐकलं होतं तेच तोंडातून गेलं, "तोरण दाराला बांधतात भाऊजी. खिडकीला नाही. येणारं माणूस दारातून येतं."

"दार बाहेर उघडतं. तोरण अडकेल म्हणाली होती."

"मग थोडं वर बांधू. चिकटवून. खिळा नको."

हातोडी त्यांनी खणात परत ठेवली. मग त्यांनी काळ्या पट्टीचा उरलेला तुकडा शोधला. नवं तोरण दाराच्या आत, माथ्यावर चिकटवलं. जुनं घडी घालून उशीखाली ठेवलं. खिळा मी घरी आणला आणि देव्हाऱ्याच्या खणात टाकला. टाकून द्यायचा धीर झाला नाही.

ऊब आल्यावर त्यांनी छपराचं भोक बुजवलं. एप्रिलच्या शेवटी मोठा पाऊस झाला, दिवसभर. संध्याकाळी मागचं दार वाजलं. भाऊजी छत्रीशिवाय उभे होते.

"कोरडं आहे, वहिनी." कुणी गेल्याची बातमी द्यावी, तशा आवाजात बोलले. "एक थेंब नाही."

"चांगलं झालं नं."

"हो." जायला वळले आणि म्हणाले, "फार गप्प आहे आत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुजलेली एक फळी बदलली. त्यानंतर रोज काही ना काही व्हायला लागलं. पडदे मी शिवले. रुचाला फोन केला तेव्हा तिचं "बाबा! रियली?" मला कुंपणापलीकडून ऐकू आलं.

मे उजाडला. आज सकाळी हॅलिफॅक्सच्या वाटेसाठी शिदोरीचे डबे ठेवायला मी ट्रेलरात गेले होते. काल रात्री पाऊस पडून गेला होता. छताला हात लावला, कोरडं. खिडकीची चौकट कोरडी, उशीही कोरडी. डाव्या कोपऱ्यात वसुधाची वाटी अजून तशीच होती, आणि तिच्यात तळाशी थोडं पाणी होतं. स्वच्छ, तांबूस नाही. भाऊजींनी ओतलं असेल. तहान लागली म्हणून घेतलं असेल आणि राहिलं असेल. मी विचारलं नाही. वाटी उचलून त्यांच्या तुळशीत रिकामी केली, पुसली आणि परत तिथेच ठेवली.

तुळस आता माझ्याकडे राहणार आहे. दाराचं तोरण अडकत नाही, आम्ही दार चारदा उघडून पाहिलं. चौथ्यांदा उघडल्यावर भाऊजी दाराशी क्षणभर बाजूला सरले, आत कुणाला वाट द्यावी तसे, आणि मग स्वतः उतरले.

"वहिनी, चाकं बसलीत थोडी," ते वाकून टायरवर पेर वाजवत म्हणाले.

उद्या सकाळी ते ट्रेलर जोडून गॅस स्टेशनवर टायरांत हवा भरायला जाणार आहेत.