मामंजींची सुकी लाकडं

नमे, जरा नीट बस आणि हे पत्र वाचेस्तोवर तो मोबाईल पालथा ठेव. कापूरहोळपर्यंत येतेस, ढाब्यावर जेवतेस आणि तिथूनच पुण्याला माघारी वळतेस. आपलं पासली गाव काय समुद्रापल्याड आहे का गं? पण माझ्या रागाचं कारण वेगळं आहे. तुम्ही पोरांनी ग्रुपवर पणजोबांचा फोटो टाकलात, खाली ‘महायुद्धातले शूर वीर’ लिहिलंत आणि पुढं हलती ज्योत लावलीत. माझ्या मामंजींपुढं ज्योत! ते माणूस काय होतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून मी लिहायला बसले.

लग्नात माझ्या आईनं भोरच्या बाजारातून पितळी स्टोव्ह घेऊन दिला होता. पासलीत तेव्हा स्टोव्ह म्हणजे नवलाई, मी मिरवतच पेटवला. मामंजी शेतावरून आले, दारातच थबकले, नाक वर केलं. आत येऊन स्टोव्हची हवा सोडली, तो उचलला आणि खालच्या ओढ्यात भिरकावला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. सुनेशी बोलायचं तर ते उंबऱ्याबाहेर बसून, तोंड अंगणाकडं करून बोलायचे. तसेच बसले आणि म्हणाले, “सूनबाई, चूल पेटव, हवी तेवडी पेटव. लाकडाचा जाळ सांगून येतो. तेलाचा न्हाई. तेलाला आईबाप नसतो.”

मग अंगणाकडं बघतच त्यांनी सांगितलं. ते इंग्रजांच्या पलटणीत होते. सिंगापुरात साहेबांनी हत्यारं खाली ठेवली आणि हे जपान्यांचे कैदी झाले. जपानी आरमाराचं एक तेलाचं जहाज होतं, बेटांवरून तेल भरून घ्यायचं आणि भर समुद्रात लढाऊ जहाजांना नळीनं पाजायचं. टाक्या रिकाम्या झाल्या की आत या कैद्यांना उतरवायचे, तळाचा गाळ खरवडायला. वासानं गडी झिंगून पडला की त्याला दोरानं वर ओढायचे आणि दुसऱ्याला खाली सोडायचे. भाताला तेलाचा वास, पाण्याला तेलाचा वास. बिडी ओढताना सापडेल त्याची पाठ सोलायचे. वेल्ह्याकडचा एक गणपा त्यांच्यासोबत होता. दोघं एकाच वाडग्यात जेवायचे.

एक दिवस पाणबुडीनं ते जहाज फोडलं. पाणबुडी इंग्रजांच्या बाजूचीच. मामंजी वाऱ्याकडच्या बाजूनं उडी मारून वाचले, गणपा दुसऱ्या बाजूला पडला, सांडलेलं तेल वाहत होतं तिकडं.

“पाणी इझवतं म्हनून कोन सांगतं?” मामंजी म्हणाले. “म्या पाणी जळताना बगितलंय. गणपा बुडी मारायचा तवा इझायचा. दम घ्यायला वर आला की पुन्यांदा पेटायचा. मला हाक मारत हुता.”



गावानं काय केलं? गावानं त्यांना ‘जपान्या’ नाव ठेवलं! जत्रेत एकानं टोमणा मारला, “काय जपान्या, दुश्मनाचं मीठ गोड लागलं व्हय?” मामंजींनी त्याची गचांडी धरली. “मीठ कुठलं रं? तेल खाल्लं म्या, तेल! तुजं त्वांड भरू का त्यानं?” मरेपर्यंत ते असेच तापट राहिले. घरात रॉकेलची चिमणी लागली की गोठ्यात जाऊन बसायचे. गावात वीज आली तेव्हा बल्बखाली उभं राहून म्हणाले, “ह्याला वास न्हाई. बेस झालं.”

आमच्याकडं पावसाळ्यात माणूस गेलं की सरणाची लाकडं भिजकी, मग वरून रॉकेल नाहीतर डिझेल ओततात. कुणाला त्यात काही वाटत नाही. मामंजींना वाटायचं. म्हातारपणी त्यांनी स्वतःच्या सरणाची लाकडं स्वतः फोडली आणि माळ्यावर रचली. दर उन्हाळ्यात खाली काढून उन्हात घालायचे, पुन्हा वर चढवायचे. तुझ्या आजोबांना समोर बसवून त्यांनी शब्द घेतला. “लेका, जाळ मला, पर तेलाचा थेंब टाकू नगंस. भिजलं तर थांब. मला घाई न्हाई.”

गेले ते नेमके श्रावणात. बाहेर मुसळधार. मी लाकडं झाकायला मेणकापड काढून दिलं, चार वेळा बजावलं. बायकांनी स्मशानात जायचं नाही, म्हणून मी दारातच थांबले. पुरुष माघारी आले आणि अंगणातच मला वास आला. डिझेलचा.

“काय केलंत?” मी सगळ्यांदेखत विचारलं.

तुझे आजोबा खाली बघत म्हणाले, “लाकडं भिजली गं. लोक किती वेळ ताटकळणार? टेम्पोत डबा होता...”

“आणि मेणकापड?”

 मग भावकीतला एक म्हणाला, “वयनी, ते आमी डोक्यावर धरलं हुतं. लई पाऊस हुता.”

कळलं का नमे? वर्षानुवर्षं उन्हात जपलेली लाकडं भिजू दिली आणि आपली टाळकी कोरडी ठेवली! त्या माणसानं जगाकडं मागितली होती एवढी एकच गोष्ट, आणि पोटचा पोरही थोडा वेळ थांबला नाही. लोक म्हणतात, मेल्या माणसाला काय कळतंय. मला कळलं ना! मी जिवंत होते, मला वास येत होता. तुझ्या आजोबांना मी बजावलं, हे मी विसरणार नाही. विसरलेही नाही. आत्ता ते ओट्यावर बसून ऐकतायत, मी मोठ्यानं वाचूनच लिहितेय. ऐकू देत.

ती ज्योत आधी काढ फोटोपुढची. ‘शूर वीर’ही पूस. तेलाच्या जहाजावरचा कैदी होता, पाणी जळताना बघून आला, एवढं लिही. आणि माझी वेळ येईल तेव्हा स्मशानात तू स्वतः यायचंस. बायका येत नाहीत म्हणून कुणी अडवलं तर माझं नाव सांग आणि त्या डिझेलच्या डब्यापुढं उभी राहा. पण बाई, त्याच्या आधी ये. मी बोलतीचालती आहे तोवर ये. या रविवारीच ये, चुलीवर भाकरी टाकते.